नामदार गोखल्यांचे अंकगणित

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाच्या घरी शिवछत्रपतींची तसबीर असते, लोकमान्यांची असते, बाबासाहेबांची असते. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांची तसबीर मात्र क्वचितच आढळते. गांधीजींचे राजकीय गुरू, नेमस्तांचे पुढारी, एवढ्या दोन वाक्यांत त्यांची बोळवण करण्याची आपल्याला सवय झाली आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत इतिहासावर काही लिहावे असे ठरले, तेव्हा आम्ही मुद्दाम त्यांचीच निवड केली. ज्या मराठी पुरुषांनी आपले मुख्य कार्य घरापासून शेकडो कोस दूर, परप्रांतीयांच्या सभेत आणि परक्या भाषेत केले, त्यांत नामदारांचे स्थान फार वरचे आहे. सत्तेतील कोणतेही पद हाती नसलेल्या माणसाने सरकारशी कसे वागावे, याचा जो पाठ त्यांनी घालून दिला तो तर आपण पुरता वाचलेलाच नाही, असे आम्हांस वाटते.

२६ मार्च १९०२ हा दिवस घ्या. कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या कायदेकौन्सिलात अंदाजपत्रकावर चर्चा चालू होती. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन होते. अर्थखाते सांभाळणारे सर एडवर्ड लॉ यांनी गेल्या वर्षाच्या हिशेबात सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक दाखविली होती. एवढी मोठी शिल्लक हिंदुस्थानच्या जमाखर्चात पूर्वी कधी दिसली नव्हती, आणि तिच्याबद्दल सरकारचे अभिनंदन करण्यात सभासद गुंतले होते. तेव्हा मुंबई इलाख्यातून नव्यानेच आलेले, पस्तीस वर्षांचे एक प्राध्यापक बोलावयास उठले आणि या अभिनंदनात आपणांस मनापासून भाग घेता येत नाही, असे त्यांनी आरंभीच सांगून टाकले.

पुढचे भाषण म्हणजे एक प्रदीर्घ उदाहरण सोडविणे होते. १८८५ नंतरच्या काळात रुपयाचा भाव घसरत गेला. लंडनला पाठवावयाची रक्कम पौंडांत असल्यामुळे तिच्यासाठी अधिकाधिक रुपये लागू लागले, लष्करी खर्चही वाढला, आणि ती तूट भरून काढण्यासाठी सरकारने कर वाढविले. पुढे १८९३ मध्ये टांकसाळी खाजगी चांदीला बंद करण्यात आल्या आणि रुपयाचा भाव कृत्रिम रीतीने वर चढून सोळा पेन्सांवर स्थिर झाला. आता लंडनला तेवढेच पौंड पाठविण्यास कमी रुपये पुरू लागले. परंतु ज्या तुटीसाठी कर बसविले होते ती नाहीशी झाली तरी कर मात्र तसेच राहिले. शिल्लक दिसू लागली ती यामुळे. १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा, असे दोन भयंकर दुष्काळ ज्या देशाने नुकतेच भोगले होते, त्याच्या खजिन्यात पैसा साचत होता. आणि सरकार त्यालाच रयतेच्या भरभराटीचे लक्षण म्हणत होते. गोखल्यांचा आक्षेप दुहेरी होता. लोक हालअपेष्टांत असताना गरजेहून अधिक कर घेणे हा एक अन्याय, आणि त्या शिलकेवरून लोक सुखी आहेत असा निष्कर्ष काढणे हा दुसरा.

हे सारे बोलताना त्यांच्या हाती अधिकार कोणता होता? १८९२ च्या कायद्यान्वये सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येत असे. मत देता येत नसे, ठराव मांडता येत नसे, उपप्रश्नही विचारता येत नसे. बोलून झाले की बसावयाचे. सरकारपक्षाचे बहुमत तर ठरलेलेच. अशा सभेत दुसरा एखादा वक्ता संतापाचे चार शब्द उच्चारून टाळ्या घेता झाला असता. गोखल्यांनी सरकारच्याच पुस्तकांतील आकडे सरकारपुढे मांडले, आणि आकड्यांना उत्तर आकड्यांनीच द्यावे लागते.

मिठावरील कराचा प्रश्न त्यांनी असाच चिकाटीने लावून धरला. १८८८ पासून हा कर मणाला अडीच रुपये होता. मीठ श्रीमंतास आणि भिकाऱ्यास सारखेच लागते, गुराढोरांनाही लागते. कर हलका केला तर खप वाढेल आणि सरकारचे उत्पन्नही फारसे बुडणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९०३ मध्ये कर दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर. याचे सारे श्रेय एकट्या नामदारांना देणे न्याय्य होणार नाही. काँग्रेसची ही मागणी जुनी होती आणि खजिन्यातील शिलकेमुळे सरकारला ती मान्य करणे सोपेही झाले होते. तथापि वर्षानुवर्षे, प्रत्येक मार्च महिन्यात, तेच म्हणणे नव्या आकड्यांनिशी मांडणारा माणूस त्या सभेत बसलेला होता, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

ही तयारी आली कोठून, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावचा. वडील कागल संस्थानात साध्या नोकरीत होते. ते १८७९ मध्ये वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी कोल्हापुरास पाठवीत. पै-पैचा हिशेब हा या मुलाने अशा रीतीने पुस्तकाच्या आधी घरातच शिकला. पुढे पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसन कॉलेजात अल्प वेतनावर शिकवीत असताना त्यांनी शाळांसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिले आणि ते पुष्कळ चालले. मुलांची उदाहरणे तपासणारा शिक्षक पुढे साम्राज्याचा जमाखर्च तपासावयास बसला, यात आम्हांला मोठी मौज वाटते.

गुरू लाभले ते न्यायमूर्ती रानडे. सार्वजनिक सभेच्या वतीने सरकारकडे जे लांबलचक अर्ज जात, ते तयार करण्याचे काम तरुण गोखल्यांकडे असे. एका अर्जाला सरकारने दोन ओळींचे कोरडे उत्तर दिले, तेव्हा या श्रमांचा उपयोग काय, असे त्यांनी खिन्न होऊन विचारले. रानड्यांनी दिलेले उत्तर गोखल्यांनीच पुढे सांगितले आहे. त्याचा आशय असा की, हे अर्ज नावापुरते सरकारला उद्देशून असतात. खरे पाहता ते आपल्याच लोकांसाठी लिहिलेले असतात, कारण अशा प्रश्नांचा विचार कसा करावा हे लोकांना शिकावयाचे आहे. हे उत्तर आम्हांस गोखल्यांच्या पुढील साऱ्या चरित्राची किल्ली वाटते.

रानड्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. गणेश व्यंकटेश जोशी हे नाव मात्र आज किती जणांना माहीत असेल याची शंका आहे. हे गृहस्थ सोलापूरच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक. सभांतून गाजण्याचा त्यांना सोस नव्हता. शेतसारा, रेल्वे, लष्करी खर्च, विनिमयाचा दर या विषयांवरील सरकारी अहवाल मिळवावे, त्यांतील आकडे एकमेकांशी ताडून पाहावे आणि सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकासाठी भारदस्त लेख सिद्ध करावे, हा त्यांचा उद्योग. १८९७ च्या एप्रिलमध्ये वेल्बी कमिशनपुढे लंडनमध्ये गोखल्यांची साक्ष झाली. हिंदुस्थानच्या खर्चाविषयी कसून उलटतपासणी झाली आणि ते तिला पुरून उरले. त्या साक्षीच्या आणि पुढे कौन्सिलातील अंदाजपत्रकीय भाषणांच्या तयारीमागे सोलापूरच्या या शिक्षकाचे साहाय्य होते. भाषण गोखल्यांचे, कीर्ती गोखल्यांची, आणि आकड्यांच्या मुळाशी शाळेचे काम आटोपून रात्री अहवाल चाळणारा एक गृहस्थ. ज्याला पुढारी व्हावयाचे नाही त्याने गोखल्यांपासून काय घ्यावे, असा प्रश्न कोणी केला तर आम्ही त्यास जोशांचे उदाहरण दाखवू.

आज परिस्थिती किती पालटली आहे! देशाचे अंदाजपत्रक २०१७ पासून १ फेब्रुवारीस सादर होते आणि त्याच दिवशी कोणाही नागरिकास घरबसल्या वाचावयास मिळते. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने अल्प शुल्कात सरकारी कागद मागता येतात. आपण राहतो त्या शहराच्या महानगरपालिकेचेही अंदाजपत्रक असते. पाणी, गटारे, दिवे, शाळा यांवर किती खर्च ठरला आणि प्रत्यक्षात किती झाला हे त्यात नमूद असते. जोशी-गोखल्यांना यांतले निम्मे मिळाले असते तरी त्यांनी काय केले असते याची कल्पनाच करावी. उलट आपल्या बैठकीतील गप्पा ऐकाव्यात. नळाला पाणी नाही येथपासून देशाच्या परराष्ट्रधोरणापर्यंत सर्व विषयांवर आपले मत तयार असते. वॉर्डाच्या पाण्यासाठी यंदा किती रक्कम मंजूर झाली, हे विचारले की सभा शांत होते. त्यातून परप्रांतात राहणाऱ्या कुटुंबांच्या मनात कोठे तरी अशी समजूत असते की, हे शहर आपले नव्हे, येथील कारभार येथल्यांनी पाहावा. घरपट्टी भरणारी तिसरी पिढी येथे वाढत असता ही समजूत कशी टिकते याचे आम्हांस नवल वाटते. गोखले हिवाळ्याचे काही महिने कलकत्त्यास काढीत. १९०२ च्या आरंभी गांधीजी सुमारे महिनाभर तेथे त्यांच्याकडे राहिले होते, आणि बंगालमधील थोर मंडळींशी गोखल्यांचा घरोबा पाहून ते भारावून गेले. कलकत्ता आपले नव्हे असे नामदारांना कधी वाटल्याचे दिसत नाही.

आता एका कटू प्रकरणाकडे वळणे भाग आहे, कारण ते वगळून गोखल्यांची स्तुती करणे अप्रामाणिकपणाचे होईल. १८९७ साली पुण्यास प्लेगने थैमान घातले होते. घरझडतीसाठी गोरे सोजीर लावले होते आणि त्यांच्या वर्तनाविषयी शहरात संताप होता. गोखले त्या वेळी विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा गंभीर आरोप तेथील वृत्तपत्रांतून जाहीरपणे केला. इकडे २२ जूनच्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, जुलैअखेरीस लोकमान्यांना अटक झाली, पुणे दहशतीखाली गेले. गोखले परत आले तेव्हा पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी पुरावा देण्यास पुढे येईना. त्यांची नावे उघड केली असती तर गोखल्यांच्या माथ्यावरील भार हलका झाला असता. पण नावे त्यांनी सांगितली नाहीत. सिद्ध करता न येणारा आरोप आपण केला, असे म्हणून त्यांनी बिनशर्त माफी मागितली.

लोकांना हे मुळीच रुचले नाही. भ्याडपणाचा शिक्का बसला आणि तो पुसला जावयास वर्षे लागली. माफीची भाषा, विशेषतः सोजिरांची वाखाणणी करणारा भाग, आवश्यकतेपेक्षा पुष्कळ अधिक नमता होता, असे आमचेही मत आहे. प्लेगच्या कारभारात जुलूम झालाच नाही, असा त्या माफीचा अर्थ कोणी काढला तर तोही इतिहासास धरून होणार नाही. परंतु एवढे मान्य करूनही मागे काही तरी उरते. माणसाने जाहीरपणे आरोप केला, पुरावा हाती राहिला नाही, तेव्हा त्याने दोष दुसऱ्यावर ढकलला नाही आणि शब्दही फिरविला नाही. मानहानी पत्करून तो पुण्यातच राहिला आणि पुढे प्लेगनिवारणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून राबला. यानंतर गोखल्यांच्या भाषणांत एकही आकडा कच्चा सापडू नये याची जी जवळजवळ पराकोटीची दक्षता दिसते, तिचे मूळ या प्रकरणात असावे असा आमचा तर्क आहे. भ्रमणध्वनीवर आलेला मजकूर न वाचताच दहा जणांना धाडण्याच्या आजच्या दिवसांत ही दक्षता जुनाट वाटेल खरी.

गोखल्यांच्या मर्यादाही होत्या. इंग्रजांच्या न्यायबुद्धीवर त्यांनी गरजेपेक्षा अधिक विसंबून राहावे, हे लोकमान्यांच्या पक्षाला अखेरपर्यंत सलत राहिले. १९०७ च्या सुरत काँग्रेसमधील फुटीचा दोष दोन्ही बाजूंकडे जातो. १९१० च्या छापखान्याच्या कायद्याला त्यांनी विरोध केला नाही, हे तर त्यांच्या चाहत्यांनाही खटकले. सामान्य लोकांत मिसळून चळवळ उभारण्याची हातोटी त्यांना नव्हती, आणि लोकबळ पाठीशी नसेल तर निव्वळ अभ्यास कोठवर पोचतो याचा अनुभव त्यांना लवकरच आला.

तो अनुभव म्हणजे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक. १९०९ च्या सुधारणांनी सभासदांना ठराव मांडण्याचा अधिकार मिळाला होता. १९१० च्या मार्चमध्ये नामदारांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याच्या दिशेने पावले टाकावीत असा ठराव आणला आणि १६ मार्च १९११ रोजी विधेयकच सादर केले. त्यातील मागणी किती बेताची होती हे पाहिले म्हणजे आज चकित व्हावयास होते. सक्ती ताबडतोब सर्व देशभर करावयाची नव्हती. ज्या भागात मुलांचे शाळेत जाण्याचे प्रमाण आधीच बरे आहे, तेथील स्थानिक संस्थेला वाटल्यास आणि सरकारने संमती दिल्यास, ६ ते १० वर्षांच्या मुलग्यांपुरती ती लागू करता यावी. मुलींचा विचार पुढे व्हावा. हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांसाठी त्यांच्यापाशी घरचेच उदाहरण होते. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात हा प्रयोग सुरू करून १९०६ मध्ये तो सर्व संस्थानास लागू केला होता. गुजराती प्रजेच्या मुलांना सक्तीने शाळेत बसविणारा राजा मराठी होता, हेही जाता जाता नमूद करण्यासारखे आहे.

१९१२ च्या मार्चमध्ये दोन दिवस वाद झाला. पैसा नाही, शिक्षक नाहीत, लोकांची मागणी नाही, अशी सरकारपक्षाची उत्तरे होती. सरकारी सभासद विरुद्ध जाणार हे उघड होते. परंतु जमीनदार वर्गातील काही एतद्देशीय सभासदही विरुद्ध गेले. गोरगरिबांची मुले शाळेत गेली तर शेतावर काम कोण करणार, ही धास्ती गोऱ्या सरकारपुरतीच नव्हती. निकाल काय लागणार याविषयी गोखल्यांना तिळमात्र भ्रम नव्हता. दिवस मावळण्यापूर्वी विधेयक फेटाळले जाईल हे आपण जाणतो, त्याबद्दल आपली तक्रार नाही, आपल्या पिढीला देशसेवा अपयशांच्या वाटेनेच करावी लागणार, अशा आशयाचे उद्गार त्यांनी त्या सभेत काढले. १९ मार्च १९१२ रोजी मते मोजली गेली. बाजूने १३, विरुद्ध ३८.

यानंतर १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांपुरता असा कायदा झाला. १९५० च्या राज्यघटनेने १४ वर्षांपर्यंतच्या मुलांचे मोफत व सक्तीचे शिक्षण हे मार्गदर्शक तत्त्व म्हणून स्वीकारले. २००२ च्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्क झाला, २००९ मध्ये कायदा संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. १९१२ पासून मोजली तर ९८ वर्षे. गणिताच्या शिक्षकालाही ही वजाबाकी जड गेली असती.

विधेयकाने जे साधले नाही ते माणसांकडून साधावे, ही योजना त्यांनी त्याआधीच आखली होती. १२ जून १९०५ रोजी पुण्यास सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, म्हणजे भारत सेवक समाज, स्थापन झाला. सभासदाने आयुष्य देशास वाहावयाचे, संस्था देईल त्या वेतनात संसार करावयाचा, जात वा धर्म न पाहता सर्व हिंदी लोकांना बंधू मानावयाचे, कोणाशी वैयक्तिक भांडण करावयाचे नाही. प्रवेश मिळाल्यावर पाच वर्षांची उमेदवारी होती. तीत अभ्यास आणि देशपर्यटन यांवर भर होता. जानेवारी १९१५ मध्ये आफ्रिकेतून परतलेल्या गांधीजींनाही गोखल्यांनी हेच सांगितले की, एक वर्ष देश हिंडून डोळ्यांनी पाहा, कान उघडे ठेवा, सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नका. सत्याग्रहाने सारी हिंदी वस्ती हलविलेल्या माणसाला हा सल्ला, आणि त्याने तो पाळला! १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, नामदार निवर्तले. सिंहगडावर असलेले लोकमान्य बातमी कळताच खाली आले आणि स्मशानात त्यांनी आपल्या प्रतिस्पर्ध्याला हिंदुस्थानचा हिरा म्हणून गौरविले.

समाजाचे सभासद ठिकठिकाणी पांगले. ना. म. जोशी मुंबईच्या कामगारवस्तीत गेले, ठक्करबाप्पा भिल्लांत, हृदयनाथ कुंझरू अलाहाबादेस. गोपाळ कृष्ण देवधर, म्हणजे रमाबाई रानड्यांबरोबर पुण्याचे सेवासदन उभारणारे, १९२१ च्या मोपल्यांच्या बंडानंतर मलबारात गेले. तेथील भाषा त्यांची नव्हती, नातेगोते कोणी नव्हते. त्यांनी निर्वासितांसाठी छावण्या चालविल्या, कपडे-धान्य वाटले, आणि छावण्या उठल्यावर पुनर्वसनासाठी विश्वस्त निधी स्थापून शाळा काढल्या. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातील तानूर येथे एक सरकारी उच्च माध्यमिक शाळा आहे. तिचे नाव देवधर शाळा. तेथे शिकणाऱ्या मुलांची भाषा मल्याळम आहे, आणि रोज सकाळी ती मुले हे कोकणी आडनाव लिहिलेल्या फाटकातून आत जातात.